आधी खोली तपासावी, मग ध्वनिमुद्रण

आपेगाव म्हटले की पैठणजवळचे, ज्ञानेश्वरांचे आपेगाव आठवते. बीड जिल्ह्यात अंबाजोगाई तालुक्यातले आपेगाव निराळे. ते पद्मश्री शंकरबापू आपेगावकरांच्या पखवाजाचे. असे जुने पखवाजवादन घरच्या स्पीकरवर लावले आणि डाव्या पुडीचा नाद पोकळ वाटला, तर दोष ध्वनिमुद्रणाचा, स्पीकरचा की खोलीचा? बहुतेक जण लगेच बास वाढवतात. इतिहासाच्या अभ्यासकाने तरी तसे करू नये. शिलालेख पुसट दिसतो म्हणून त्यावर स्वतःच छिन्नी चालवण्याचा तो प्रकार आहे.

वादक स्वतः असे करत नाही. डाव्या पुडीवर तो कणीक थापतो, थोडी काढतो, पुन्हा लावतो. उजवी पुडी तंबोऱ्याच्या षड्जाशी ताडून पाहतो. कसोटी वाद्याबाहेरची असते, आणि आधीपासून ठाऊक असलेली.

मग ओळखीचे वादनच कसोटी म्हणून का वापरू नये? चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये सहकाऱ्यासह दाखवून दिले की मृदंगासारख्या वाद्यांत शाईच्या भारामुळे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्णांक पटीत येतात. वाद्य सुरेल होते ते यामुळेच. पण ऊर्जा मोजक्या ठिकाणी एकवटते आणि मधल्या जागा जवळजवळ तपासल्याच जात नाहीत.

पिंक नॉईज ही उणीव भरून काढतो. ऐकायला तो पत्र्यावरच्या पावसासारखा कंटाळवाणा, पण २० ते ४० हर्ट्झच्या सप्तकात जितकी ऊर्जा, तितकीच १०,००० ते २०,०००च्या सप्तकात. व्हाइट नॉईजमध्ये ती प्रत्येक सप्तकागणिक दुप्पट होते, म्हणून तो कानाला कर्कश लागतो. दोन्ही स्पीकरांचा तोल पाहायला पिंक नॉईज पुरतो. खर्जासाठी मात्र स्वीप हवा, म्हणजे खालून वर सरकत जाणारा एकच शुद्ध स्वर. समोरासमोरच्या भिंतींत १० फुटांचे अंतर असेल, तर सुमारे ५७ हर्ट्झला खोलीच घुमू लागते. त्या क्षणी खिडकीची काचही थरथरली, तर तो आवाज वादकाच्या माथी मारू नये! स्वीप हळू आवाजात सुरू करावा. वरच्या पट्टीतला सलग मोठा स्वर ट्वीटर जाळू शकतो. मायक्रोफोन ऐकण्याच्या जागी ठेवावा आणि थोडा सरकवून पुन्हा मोजावे, कारण हातभर अंतरावर खर्ज बदलतो.

एवढे झाल्यावर तेच ध्वनिमुद्रण पुन्हा लावावे. नाद अजूनही पोकळ वाटला, तर तो पोकळपणा बहुधा ध्वनिमुद्रणातलाच. टिपणवहीत तो तसाच नोंदवावा.