रंकाळ्याचा काठ आणि दिवाणखान्यातली सायकल

हिवाळ्यातल्या सकाळी कोल्हापूरच्या रंकाळ्यावरचे धुके हळूहळू विरते आणि पाण्यातला दगडी संध्यामठ दिसू लागतो. थोड्याच वेळात पश्चिम काठावरच्या शालिनी पॅलेसवर कोवळे ऊन येते. काठाने फिरणारी मंडळी बहुतेक साठीपुढची. ७२ वर्षांचे एक निवृत्त शिक्षक, माझे जुने रुग्ण, तेथे रोज सायकलवरून येत.

दोन वर्षांपूर्वी जुलैत ते ओल्या रस्त्यावर घसरले आणि मनगटाचे हाड मोडले. हाड जुळले, पण सायकल माळ्यावर गेली आणि दिवाणखान्यात व्यायामाची सायकल आली. सल्ला माझाच होता. दिवाळीनंतर सूनबाई त्यांना घेऊन आल्या. रक्तदाब उत्तम, साखर आटोक्यात; पण सर बोलेनात. “डॉक्टर, रोज अर्धा तास चालवतो, पोहोचत मात्र कुठेच नाही,” एवढेच म्हणाले. काठावरचे मित्र, कट्ट्यावरचा चहा यांचा विचार मी केलाच नव्हता.

घरातली सायकल कमी प्रतीची नव्हे. हृदय, फुप्फुसे आणि मांड्यांचे स्नायू यांना ती चांगला व्यायाम देते, गुडघ्यांवर फारसा भार येत नाही आणि पावसाळ्यातही खंड पडत नाही. मात्र समोरून वारा लागत नसल्याने घाम अधिक येतो. पंखा आणि पाणी जवळ असावे. तोल सावरणे, वळताना मागे पाहणे, वेळेवर ब्रेक दाबणे यांचा सराव तिच्यावर होत नाही. शिवाय कोणत्याही सायकलवर हाडांना पुरेसा भार मिळत नाही. म्हणून चालणे सोडू नये.

सरांची दृष्टी, तोल आणि औषधे तपासून आम्ही बेत आखला. आडवा दांडा नसलेली सायकल, थांबताच दोन्ही पाय टेकतील इतकी खाली सीट, डोक्याला हेल्मेट. पहिले काही दिवस मोकळे मैदान, सोबत मुलगा. मग वर्दळीपूर्वीचा रंकाळा, तोही उजाडल्यावरच. वेग असा, की बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडी मंद राहते. त्यांच्या बाबतीत केवळ नाडीच्या आकड्यावर विसंबू नये.

चक्कर येणे, ठिसूळ हाडे, रक्त पातळ करणारी औषधे किंवा नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका असेल, तर रस्त्यावर जाण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे. छातीत दडपण आले किंवा धाप लागली, तर तेथेच थांबून मदत मागवावी. आणि घरच्यांनी वडीलधाऱ्यांची सायकल माळ्यावर टाकण्यापूर्वी ते तिच्यावरून कोणाला भेटायला जातात, हेही विचारावे.

यंदा जानेवारीत सर मला संध्यामठाच्या समोर भेटले. सायकल कट्ट्याला टेकलेली, हाती चहा, भोवती चार मित्र. पावसाळ्यात ते घरातलीच सायकल चालवतात. सूनबाईंनी ती आता खिडकीपाशी ठेवली आहे.