एकट्याचा डाव

माणसाने एकट्याने काय काय करावे, ह्याची एक यादी समाजाने ठरवून टाकलेली आहे. एकट्याने फिरावयास जावे, एकट्याने वाचावे, फार झाले तर स्नानगृहात एकट्याने गावे. पण एकट्याने बुद्धिबळे खेळणारा गृहस्थ दिसला, की शेजाऱ्यांच्या चेहऱ्यावर काळजी उमटते. उलव्याच्या आमच्या इमारतीत ती माझ्याविषयी उमटलेली आहे. समोरच्या बिऱ्हाडातील एक तरुण परवा मोठ्या आस्थेने म्हणाला, "सर, मोबाइलवर खेळत जा ना. निदान समोर कोणीतरी असतं." माझ्या समोरही कोणीतरी असतेच, हे त्याला कसे सांगावे?

रविवारी दुपारी मी गॅलरीत पट मांडतो. आम्ही येथे राहावयास आलो तेव्हा समोर उलव्याची टेकडी होती. विमानतळासाठी ती सुरुंग लावून फोडीत होते. सुरुंग उडाला, की खिडक्यांच्या काचा वाजत आणि पटावरची मोहरी थरथरत. आता टेकडी नाही. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि नाताळाच्या दिवसापासून विमाने उडू लागली. मोहरी थरथरत नाहीत; मीच मधून मधून वर पाहतो आणि पाळी कोणाची हे विसरतो.

पट कापडी आहे. हल्लीच्या पटासारखी काळी-पांढरी घरे त्यावर नाहीत. जाड कापडावर दोऱ्याने नुसत्या उभ्या-आडव्या रेघा शिवलेल्या. मोहरी लाकडाची, लाखेने रंगविलेली. एक फौज तांबडी, दुसरी हिरवी. ती सावंतवाडीकडच्या कारागिरांची असावीत, असे आजोबा म्हणत. हिरव्या फौजेतले एक प्यादे हरवले आहे, आणि त्याच्या जागी एक सुपारी उभी आहे. उभी कसली, बसलेली आहे. ती कोठून आली ते पुढे येईलच.

ह्या मोहऱ्यांनी आमच्या सांगलीच्या घरात जो खेळ चाले, तो आजचा आंतरराष्ट्रीय खेळ नव्हे. तो देशी डाव. त्यात प्यादे पहिल्या खेळीलासुद्धा एकच घर पुढे सरकते. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला एकदाच, आणि तीही शह बसण्यापूर्वी, घोड्याची उडी मारण्याची मुभा. शेवटच्या ओळीत पोचलेले प्यादे मन मानेल ते होत नाही. ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल तेच त्याने व्हावयाचे. प्रतिपक्षाचा राजा एकटा उरला तर बुर्जी, म्हणजे अर्धीच जीत. आणि प्याद्याने दिलेली मात सर्वांत मानाची. ह्या डावाला विलायती वळण लावण्याचा उद्योग काही आजचा नाही. त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांचे बुद्धिबळावरील संस्कृत लेखन युरोपीय पद्धतीस जुळवून घेऊन इंग्रजीत १८१४ सालीच मुंबईस छापले गेले. उलट, पंजाबचा मीर सुलतान खान देशी डावात वाढला, विलायती नियम मागाहून शिकला, आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदे घेऊन घरी परतला! आमच्या आजोबांना हे नाव फार प्रिय. सांगलीत बुद्धिबळाचे वेड हवेतच होते म्हणा. १९४१ साली भाऊसाहेब पडसलगीकरांनी तेथे नूतन बुद्धिबळ मंडळ काढले. गावातली पोरे तेथे विलायती डाव शिकत. आमच्या माजघरात मात्र देशीच. मी विलायती नियम शिकलो तो थेट कॉलेजात, आणि दादाने ते अखेरपर्यंत घरात येऊ दिले नाहीत.

पण मी एकट्याच्या डावाविषयी बोलत होतो.

एकट्याने खेळण्यात मोठी अडचण बुद्धीची नसून प्रामाणिकपणाची आहे. लुई कॅरोलची ॲलिस स्वतःशीच क्रोके खेळताना स्वतःलाच फसविते, आणि त्याबद्दल आपल्याच कानशिलात मारू पाहते. वर्गात हा भाग शिकविताना मुले हसतात आणि मीही हसतो. परंतु पट मांडला, की माझी गत निराळी नसते. स्टीफन झ्वाइगच्या १९४२ सालच्या कथेत तर नाझींनी एकांतात कोंडलेला एक गृहस्थ मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी डाव खेळता खेळता वेडाच्या काठावर जातो. मला कोणी कोंडलेले नाही. आठवड्यातले पाच दिवस मी खारकोपरहून लोकलने कॉलेजला जातो. मुले मला एकांत मिळू देत नाहीत. तेव्हा वेडाचे भय नव्हते. झाले ते एवढेच, की पहिले सहा-सात डाव तांबडा जिंकला.

तांबडी फौज माझी. लहानपणापासूनची. मी हिरव्याच्या बाजूला जाऊन बसे, मोठ्या निःपक्षपातीपणाने विचार करी, आणि नेमकी अशी खेळी करी की तांबड्या वजिराला वाट मोकळी व्हावी. हिने एकदा चहा आणून ठेवताना विचारले, "आज कोण जिंकलं?"

"मी."

"आणि हरलं कोण?"

ह्या प्रश्नाला उत्तर होते. मी ते दिले नाही.

हिरवी फौज दादाची. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. सांगलीस वडिलार्जित घरात राहतो. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर चढली. धोक्याची रेषा ४५ फुटांची. आमच्या माजघरात छातीएवढे पाणी होते. पाणी ओसरल्यावर मी चिखल काढावयास गेलो. चार दिवस आम्ही दोघे भाऊ फावडी घेऊन राबलो, आणि इतक्या वर्षांत बोललो नव्हतो इतके बोललो. मोहऱ्यांची पेटी फडताळाच्या तळाशी सापडली. एक प्यादे मात्र कृष्णेने नेले. वहिनींनी पानाच्या डब्यातून एक सुपारी काढून माझ्या हातावर ठेवली. "हे घ्या तुमचं प्यादं," त्या म्हणाल्या. पेटी तूच घेऊन जा, असे दादा म्हणाला. तेथे आता खेळावयास कोण होते?

त्याच रात्री मी घर विकण्याची गोष्ट काढली. आकडे माझ्यापाशी होते, नदीची पातळी होती, दादाचे वय होते. माझी बाजू भक्कम होती. दादा म्हणाला, "नाही." एवढेच. कारण सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. दुराग्रहाला कारण कसले विचारावयाचे? पुढे २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले. तेव्हा जावयाचे सोडून मी पत्र लिहिले. त्यात खुशाली विचारली होती, हे खरे. पण पहिले वाक्य 'मी तेव्हाच सांगितले होते' हे होते. त्या पत्राचे उत्तर आले नाही. भाऊबिजेला बहिणीकडे आम्ही वेगवेगळ्या वेळी जाऊ लागलो. चार वर्षे अशी गेली.

गेल्या पावसाळ्यात, हिच्या त्या प्रश्नानंतर, मी ठरविले की, हिरवा खेळावयाचा तर दादासारखाच खेळावयाचा. आणि दादाचा डाव म्हणजे मोठा कठीण प्रकार. त्याचा हत्ती कोपरा सोडीत नाही. राजाची उडी तो वापरीत नाही. शेवटपर्यंत शिल्लक ठेवतो, आणि पुष्कळदा ती तशीच वाया जाते. लहानपणी मी त्याला ह्यावरून फार चिडवीत असे. मारामारीला तो कंटाळतो. मोहऱ्याला मोहरे देत नाही. मी त्याच्या खुर्चीत बसलो, पण हात आपोआप हत्तीकडे जाई. तो मागे घेऊन मी स्वतःला विचारी: दादा हा हत्ती का हलविणार नाही?

एका रविवारी ह्या एका खेळीपायी मी अर्धा तास बसलो. माझा तांबडा वजीर तीन घरे पुढे आलेला होता आणि मला, म्हणजे तांबड्याला, विजय दिसत होता. मग हळूहळू ध्यानात आले की, त्या कोपऱ्यातल्या हत्तीमुळे मागची सारी ओळ बांधलेली आहे. तो हलला तर उंट उघडा पडतो, उंट उघडा पडला की राजाला उडी मारावी लागते, आणि मग पुढे आयुष्यभर त्याला पळणेच उरते. चाळीस वर्षे मला जो आळस वाटत होता, तो आळस नव्हता. त्या हत्तीवर बाकीच्यांचे वजन होते. मी हत्ती जागीच ठेवून कडेचे एक प्यादे सरकविले. दिवेलागणीपूर्वी तांबडा वजीर अडकून मेला, आणि मी डाव सोडला. दादा घरात नसताना मी त्याच्याकडून हरलो.

त्या रात्री झोप आली नाही. आई त्या घरात गेली. शेवटची दोन वर्षे अंथरुणावर होती. मी महिन्यातून एकदा जात असे. दादा-वहिनी रोज होती. वहिनींची शिकवणीची मुले अजून त्याच ओसरीवर बसतात. हे सर्व मला ठाऊक नव्हते असे नाही. पण घर विकण्याच्या हिशेबात मी ते कधी मांडलेच नव्हते, कारण मी नेहमी पटाच्या माझ्या बाजूला बसून मांडीत होतो. नदी पुन्हा येणार, हे माझे म्हणणे आजही खरे आहे. मी ते सोडलेले नाही.

गेल्या महिन्यात मी एक पोस्टकार्ड आणले. काय लिहावे ते सुचेना. क्षमा मागावी, तर दादा ती वाचून लाजणार. खुशाली विचारावी, तर ते जुने पत्र आठवणार. अखेर धीर खचण्यापूर्वी घाईघाईने एवढेच लिहिले: 'दादास सा. न. तांबड्याची पहिली खेळी. राजापुढचे प्यादे दोन घरे.' आणि स्टेशनावर जाताना पेटीत टाकून दिले.

अकराव्या दिवशी उत्तर आले. अक्षर थोडे कापरे झाले आहे.

'आपल्या घरात प्यादे एकच घर चालते. खेळी परत घे.'

खाली, उरलेल्या जागेत, वहिनींच्या बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: 'सुपारी किडली असेल. नवी पाठवू का?'

मी उठून पेटी उघडली. सुपारीला खालून टाचणीच्या टोकाएवढे भोक पडलेले होते.