न्हाणीच्या पाण्यावरचा संत्रा

सेवाग्रामला भाड्याच्या घरात राहायला आले, तेव्हा परसात तीन झाडं आयतीच मिळाली. एक संत्र्याचं, एक कागदी लिंबाचं आणि कुंपणाला टेकलेला पेरू. दिवाळीला टोपलीभर संत्री, असा हिशोब मी सामान उतरवतानाच मांडला. शेजारच्या काकाजींनी मात्र पहिल्याच भेटीत विचारलं, "कोणता बहार धरता जी?"

बहार आपण धरायचा असतो, हेच मला नवं. संत्र्याला फुलं हवी असतील तर आधी त्याचं पाणी तोडायचं, म्हणजे ताण द्यायचा. डिसेंबरात ताण दिला की जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार फुटतो. एप्रिल-मे कोरडा ठेवला की पावसाबरोबर मृग. आंबियाची फळं ऐन उन्हाळ्यात झाडावर असतात, म्हणून ज्याची विहीर मे महिन्यात तळ गाठते तो मृगाकडे वळतो. हलक्या जमिनीत महिनाभराचा ताण पुरतो, आमच्या काळ्या भारी मातीत दीड-दोन महिने लागतात. वर्ध्याच्या 45 अंशांत झाडाला मुद्दाम तहानलेलं ठेवायचं! 1936 साली गांधीजी इथं राहायला आले. उपासाचं महत्त्व या गावाला कुणी सांगायला नको, पण झाडांनाही निर्जळी असेल असं वाटलं नव्हतं.

आमच्या झाडाला ताण ठाऊकच नव्हता. न्हाणीचं सांडपाणी पाट काढून थेट बुंध्याशी सोडलेलं. त्यामुळे चार फुलं आत्ता, दोन मग कधीतरी. काकाजी खाली वाकले. सालीवर मधाच्या रंगाचे थेंब गोठले होते. त्यांनी नखानं साल उचकली. आत तपकिरी, कुजकट.

"डिंक्या. आधी पाणी वळवा."

ओल्या मातीतली फायटोफ्थोरा बुरशी बुंध्याला लागली, की हे होतं. कुजलेली साल धारदार चाकूनं खरवडायची आणि बोर्डो मलम लावायचा. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. एका झाडाला याचा दहावा हिस्साही पुरून उरतो. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवायचे, लोखंडी भांडं चालत नाही. पावसाळ्याआधी एक हात, पावसाळा सरल्यावर दुसरा. आळंही दुहेरी हवं; पाणी बाहेरच्या गोलात, खोड कोरडं. एवढी वर्षं मी झाडाच्या बुडाशी पाणी घालणाऱ्यांना प्रेमळ समजत होते.

लिंबाच्या कोवळ्या पानांवर पाखरांची शिट दिसली. पुसायला गेले तर ती चालू लागली! फुलपाखराच्या अळ्या त्या, मोठ्या झाल्या की हिरव्या होतात आणि फांदी पार उघडी करतात. एखाद-दुसरं झाड असेल तर हातानं वेचणं हाच स्वस्त उपाय.

पेरूचा पावसाळी बहार मी सोडूनच दिलाय. वरून पिवळाधमक, कापला की आत वळवळ. फळमाशीची अळी मातीत शिरून कोषात जाते, म्हणून गळलेला प्रत्येक पेरू उचलून खोल पुरायचा. खायचे ते हिवाळ्यातले.

आजारी झाडाला ताण देत नाहीत, त्यामुळे यंदा आमच्याकडे संत्र्याचा कुठलाच बहार नाही. संत्री वर्ध्याच्या बाजारातून आणतेय. काळ्या मातीतलं झाडासकट घर कुणी घेणार असेल, तर फळं मोजण्याआधी न्हाणीचं पाणी कुठं जातं तेवढं बघून घ्या.