खुर्ची कुठे ठेवायची

जानेवारीत मी सहा महिन्यांसाठी लेकीकडे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला आले. घरामागे लाकडी कुंपणाचं छोटं आवार आहे. त्यात एक लिंबाचं झाड, पानं झडलेलं पर्सिमनचं झाड आणि कडेला सॅल्व्हियाची झुडपं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन बाहेर बसले होते, तर कानाशी भुंगा घोंगावल्यासारखा आवाज आला. मी पदर झटकला आणि वळून पाहिलं, तर अंगठ्याएवढा पक्षी फुलासमोर हवेत जागच्या जागी थांबलेला. "अगं, आपला शिंजीर!" मी लेकीला हाक मारली. साताऱ्याला आमच्या जास्वंदीवर तो रोज येतो. आठ वर्षांची नात म्हणाली, "आजी, हा ॲनाज हमिंगबर्ड. हे इंडियात नसतातच." मग वाचून पाहिलं. हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून जास्त जाती आहेत आणि सगळ्या अमेरिकेच्या दोन खंडांत आणि आसपासच्या बेटांवर. शिंजिराशी यांचं जवळचं नातं नाही. जवळच्या नातलग म्हणजे आपल्या पाकोळ्या. मध पिणारी बारीक चोच पाहून मी नातं जोडलं होतं, ते त्याच दिवशी खोटं ठरलं.

त्याचा फोटो काढून साताऱ्याला पाठवायचा, एवढंच मनात होतं. जावयानं आपला जुना कॅमेरा दिला, त्याला तीनशे मिलिमीटरची लेन्स, म्हणजे लांबचं जवळ ओढणारी नळी. सगळं 'ऑटो'वर ठेवून दिलं आणि म्हणाला, "आई, फक्त बटण दाबा." मी दिवसभर पक्ष्याच्या मागे या झुडपाकडून त्या झुडपाकडे फिरले. लेन्स डोळ्याला लावून त्याला शोधेपर्यंत तो कुंपणापलीकडे गेलेला असे. संध्याकाळी मोजले तर 112 फोटो होते. पक्षी तीन फोटोंत होता आणि तिन्हींत चौकटीबाहेर निघालेला.

रात्री जावयानं तीन शब्द शिकवले. 'शटर स्पीड' म्हणजे झडप किती वेळ उघडी राहते. 'ॲपर्चर' म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, आणि त्याचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं, हे मला दोनदा विचारावं लागलं. 'आयएसओ' म्हणजे कमी उजेडातही कॅमेऱ्यानं फोटो किती उजळ द्यायचा, त्याचा आकडा. माझे फोटो 1/250 सेकंदाचे होते. एवढ्या लहान अपूर्णांकात काय हलणार, असं मला वाटलं. हा पक्षी हवेत थांबतो तेव्हा सेकंदाला 40 ते 50 वेळा पंख मारतो. कागद घेऊन बसले. एक फटका 1/50 सेकंदाचा धरला, तर माझी झडप उघडी असेपर्यंत पंखाचा एक पंचमांश फेरा होऊन जातो. 1/4000 ला मात्र फक्त ऐंशीवा भाग होतो. शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं, पण इतक्या लहान अपूर्णांकात एक जीव उडत असतो, हे कधी मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी 1/4000 लावलं आणि फोटो जवळजवळ काळे आले. झडप क्षणभरच उघडली, तर उजेड येणार कुठून? आयएसओ वाढवला, तर फोटोवर रवा सांडल्यासारखे ठिपके पडले. भोक मोठं केलं, तर चोचीचं टोक स्पष्ट आणि डोळा धूसर. एकीकडून घेतलं की दुसरीकडे द्यावं लागतं. उपाय एकच, भरपूर ऊन. आणि मी तर रोज पडवीच्या सावलीत बसत होते.

पक्षी जवळ यावा म्हणून लेकीनं खाऊ घालायचं भांडं आणलं, लाल झाकणाचं, चार तोंडांचं. त्यातलं पाणी करायचं काम मी घेतलं. माझा हात गुळाकडे गेला. साखरेपेक्षा गूळ चांगला, असंच आजवर मानत आले. लेकीनं थांबवलं. गूळ नाही, मध नाही, लाल रंग तर नाहीच. एक वाटी पांढरी साखर आणि चार वाट्या पाणी, फुलातल्या मकरंदाच्या जवळ जाणारं एवढंच प्रमाण. मधाच्या पाण्यात बुरशी आणि जंतू लवकर वाढतात. गार दिवसांतही पाणी थोड्या थोड्या दिवसांनी बदलायचं, उन्हाळ्यात तर दोन दिवसांनी, आणि भांडं घासून धुवायचं. मुंग्यांसाठी भांड्याच्या वर पाण्याची वाटी अडकवली, तेव्हा मात्र ओळखीचं वाटलं. आई दुधाच्या कपाटाच्या पायांखाली अशाच वाट्या ठेवायची. हा पक्षी भरतो जेमतेम चार-साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमचाभर साखरेएवढा. पण भांड्याच्या चारही तोंडांवर एकच नर हक्क सांगू लागला आणि दुसरा दिसला की अंगावर धावून जाऊ लागला. चौघांचा एक फोटो मिळेल असं मी धरून चालले होते.

मग मी कॅमेरा खाली ठेवला आणि वही घेतली. चार दिवस नुसत्या वेळा लिहिल्या. त्यातून एक गोष्ट दिसली. पाणी पिऊन झालं, भांडण झालं, की हा नर पर्सिमनच्या शेंड्याजवळच्या एकाच उघड्या काटकीवर येऊन बसतो. म्हणजे त्याच्या मागे धावायची गरज नव्हती. कॅमेरा तिपाईवर ठेवला, काटकीवर हातानं फोकस धरला आणि 'बर्स्ट' लावलं. त्यात बटण दाबून ठेवलं की फटाक्यांच्या लडीसारखे फोटो निघत राहतात. तो आला, बसला, लड वाजली. पहिल्यांदाच त्याचं पीसन्‌पीस दिसलं. नातीला दाखवलं तर ती म्हणाली, "आजी, याचा गळा पिंक असतो ना? हा तर ब्लॅक आहे."

मला वाटलं, लेन्स बिघडली. जावयानं तपासली, ती ठीक होती. मग वाचायला बसले. या नराच्या गळ्यावरचा आणि डोक्यावरचा तो रंग रंगद्रव्याचा नसतो. पिसांत अतिसूक्ष्म चपट्या चकत्यांचे थर असतात, आत हवा असते, आणि त्यांवरून उजेड एका ठरावीक दिशेनं परतला तरच रंग दिसतो; एरवी गळा काळपट. क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट हा ड्यू पॉन्ट या रसायन कंपनीचा अध्यक्ष होता. त्यानं अतिवेगवान फ्लॅश वापरून या पक्ष्यांचे फोटो काढले, 1960 मध्ये पुस्तक केलं आणि या रंगांचाही अभ्यास केला. माझी खुर्ची पडवीत, पूर्वेकडे तोंड करून. सकाळचा सूर्य पक्ष्याच्या मागे. खुर्ची उचलून पूर्वेच्या कुंपणाशी नेली आणि उन्हाकडे पाठ करून बसले. अकरा मिनिटांनी तो काटकीवर आला. त्यानं मान वळवली आणि काळा गळा एकदम पेटला, अस्सल राणी रंग, लुगड्याच्या काठासारखा. पुढच्या क्षणी पुन्हा काळा. तेव्हा आठवलं, साताऱ्याचा जांभळा शिंजीरही लांबून काळाच दिसतो आणि उन्हात आला की निळाजांभळा चमकतो. तोही पिसांच्या रचनेचाच खेळ. जन्मभर समोर होता, आणि मी कधी विचारलं नव्हतं.

फेब्रुवारीत हा नर उंच उंच जाऊन सूर मारू लागला. तळाशी येताच मोठ्यांदा 'चिक्' असा आवाज होई. मी वहीत 'ओरडतो' असं लिहिलं, आणि तेही खोडावं लागलं. बर्कलीच्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवून दिलं की तो आवाज कंठाचा नाही. सूर मारताना शेपटीची पिसं वाऱ्यानं थरथरतात, त्यांचा आहे. त्या सुराचा एकही फोटो मला मिळाला नाही.

त्याच आठवड्यात मादी दिसली, हिरवट, साधी. ती खिडकीच्या चौकटीपाशी हवेत थांबून काहीतरी ओढत होती. कोळ्याचं जाळं! घरटं बांधताना ती मऊ कापूस आणि तंतू या रेशमानं सांधते, म्हणून पिल्लं वाढली की घरटंही ताणतं. मी आल्यापासून रोज सकाळी त्याच चौकटीची जळमटं केरसुणीनं काढत होते.

घरटं मी शोधलं नाही. जवळ गेलं तर मादी बिथरते. खुर्ची मात्र पुन्हा हलवली, खिडकीपासून लांब, ऊन पाठीशी घेऊन. या वेळी 1/500 ठेवलं. मान स्थिर, डोळा स्वच्छ, चोचीत चंदेरी तंतू आणि पंखांच्या जागी नुसता धुरकट झोत, डोळ्यांना दिसतो अगदी तसाच. साताऱ्याला हाच फोटो पाठवला. त्या चौकटीचा वरचा कोपरा मी आता झाडत नाही.