एकाच अंगणात

कॉलेजातली एखादी मुलगी बास्केटबॉलही गाजवते आणि परीक्षेतही पहिली येते, असं कळलं की आपण विचारतो, ‘दोन्ही कसं जमतं हिला?’ डहाणू-तलासरीच्या मातीत तरी हा प्रश्न पडू नये असं मला मनापासून वाटतं. खेळ आणि शिक्षण एकाच अंगणात नांदल्याचा दाखला याच मातीत आहे.

ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघांच्या साथीने 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. 1957 साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली आदिवासींची मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच पाड्यावर गेली. मुलं गुरांमागे जातात, तर कुरणशाळा भरली. शिंपले, बिया, पानं हीच साधनं. खेळत खेळतच मुलं मोजायला आणि बोलायला शिकली.

कॉलेजात पोचेपर्यंत ही सोबत का तुटते? दहावी-बारावी आली की घरातून खेळ बंद होतो. घराण्यात पहिल्यांदाच कॉलेज पाहणाऱ्या मुलीला तर सरावासाठी संध्याकाळी थांबणंही अवघड. पाड्याकडे जाणारी शेवटची एसटी चुकली, तर ती घरी जाणार कशी? तिचा खेळ सुटतो त्याला अभ्यासापेक्षा हे अंतर अधिक कारणीभूत असतं.

खरं तर खेळ आणि शिक्षण मुळात वेगळे नाहीतच. बास्केटबॉल तर एका शिक्षकानेच घडवलेला खेळ. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ यांनी विद्यार्थ्यांसाठी फळांच्या दोन टोपल्या टांगल्या आणि तो सुरू झाला. याच खेळातल्या बिल ब्रॅडलीने प्रिन्स्टन विद्यापीठात शिकत असताना 1964 च्या टोकियो ऑलिंपिकचं सुवर्णपदक मिळवलं. पुढे ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर तो ऑक्सफर्डला गेला, न्यूयॉर्क निक्स संघाकडून दोनदा विजेता ठरला आणि 18 वर्षं सिनेटर राहिला. आपल्या पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली. तिची आई नीता लिमये याही बास्केटबॉलपटू. ब्रॅडलीच्या पाठीशी विद्यापीठ होतं, शिरीनला खेळ जाणणारं माणूस घरातच होतं. गुण आणि कष्ट त्यांचे स्वतःचे. पण त्यांना जागा मिळाली, हेही तितकंच खरं.

ती जागा तलासरीत करता येणार नाही का? बास्केटबॉलचं पूर्ण मैदान 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद. तिघा-तिघांचा खेळ तर अर्ध्या मैदानावर, एकाच रिंगवर चालतो आणि टोकियोत 2021 साली झालेल्या स्पर्धेपासून तो ऑलिंपिकमध्येही आहे. प्रत्येक आश्रमशाळेत आणि कॉलेजात अशी एक रिंग, शेजारी रात्रीपर्यंत उघडी अभ्यासिका आणि सराव संपल्यावर सुटणारी एक एसटी, एवढं तरी आपण मागायलाच हवं. तुमच्या गावच्या शाळासमितीत, ग्रामसभेत तुमचा शब्द चालत असेल, तर येत्या बैठकीत हा विषय मांडा.