मले कोनी इचारलं?

आमच्या गावाहून गोंदियाला बैलबंडीने यायचे तर शहराच्या तोंडाशी जकातनाका लागे. एक आडवा बांबू, एक खोली, खोलीत टेबल, टेबलावर पावतीपुस्तक आणि कोपऱ्यात उभी केलेली एक टोकदार लोखंडी सळई. लहानपणी मला त्या सळईची फार भीती वाटे. पोत्यात काय आहे हे कारकून पोते न सोडता त्या सळईने ओळखीत, अशी तिची कीर्ती होती.

१९९१ च्या दिवाळीत आत्याकडे फराळाला निघालो होतो. बंडीत तांदळाचे एक पोते होते, ते बाबांनी उघडपणे समोर ठेवले होते. तुपाचा डबा मात्र तणसाखाली होता, आणि त्या तणसावर मला बसवले होते. "हालू नोको," एवढेच बाबा म्हणाले. मी दहा वर्षांचा होतो. न हलण्याचे कारण विचारण्याचे वय नव्हते आणि न समजण्याचेही नव्हते.

कारकून आले. तांदूळ पाहिला. मग माझ्याकडे पाहून हसत म्हणाले, "बाळ, जरा उठ बघू." सळई तणसात गेली आणि डब्यावर टण्ण वाजली. तो आवाज आजही शाळेची घंटा ऐकताना मला कधीकधी आठवतो.

बाबांचा चेहरा लाल झाला. चूक पकडली गेली की माणूस चिडतो, तसे ते चिडले. "हा कर बसवताना मले कोनी इचारलं होतं का?"

कारकून शांतपणे पावती फाडत म्हणाले, "मलाही नाही विचारलं, पाटील. ही घ्या पावती."

आत्याकडे पोहोचेपर्यंत बाबा एक अक्षर बोलले नाहीत. पावती त्यांनी कोपरीच्या खिशात घातली. मला मात्र त्या दिवशीची चकली गोड लागली नाही. चोरी बाबांची होती, पण तिच्यावर बसलो मी होतो.

पुढे १९९९ साली राज्यातल्या नगरपरिषदांची जकात उठली. त्याच वर्षी भंडाऱ्यातून आमचा गोंदिया जिल्हा वेगळा झाला. नाक्यावरचा बांबू गेला आणि नगरपरिषदेला जकातीऐवजी सरकारकडून अनुदान येऊ लागले. तेव्हाही आम्हाला कुणी विचारले नाही. पण कर उठवताना विचारले नाही म्हणून कोण रागावतो?

विक्रीकराच्या बाबतीत तर आमच्या मुलखाला एक मान आहे, तो फारसा कुणाला ठाऊक नाही. गोंदिया मध्यप्रांत-वऱ्हाडात असताना तिथल्या सरकारने १९३८ साली पेट्रोलच्या किरकोळ विक्रीवर शेकडा पाच कर बसवला. असा कर प्रांताला बसवता येतो काय, हा वाद दिल्लीच्या नव्या फेडरल कोर्टात गेला, आणि त्या कोर्टाने आपला पहिलाच निकाल प्रांताच्या बाजूने दिला. देशभर पसरलेल्या विक्रीकराचे बाळसे असे आमच्या अंगणातले आहे. आता २०१७ पासून वस्तू व सेवा कर आहे. त्याच्या दरांवर मतदान होते म्हणतात, पण ते मंत्र्यांच्या परिषदेत. एक तृतीयांश वजन केंद्राचे, दोन तृतीयांश राज्यांचे. २०२२ साली पंचवीस किलोपर्यंतच्या पाकीटबंद तांदळावर पाच टक्के कर आला. तांदळाच्या गिरण्यांच्या या गावात बाबांनी दुकानात उभे राहून तोच जुना प्रश्न विचारला. दुकानदार हसला.

२०२४ च्या दिवाळीत कॅलिफोर्नियातल्या माझ्या चुलतभावाने फोनवर एक छायाचित्र पाठवले. त्याच्या घरी टपालाने आलेली मतपत्रिका. राष्ट्राध्यक्षापासून शाळा-मंडळापर्यंत नावांची ही रांग, आणि शेवटी त्याच्या गावाचा एक प्रश्न: शहराचा विक्रीकर अर्धा टक्का वाढवावा काय? होय किंवा नाही. पैसा शहराच्या सर्वसाधारण तिजोरीत जाणार असेल तर साधे बहुमत पुरते; पण नगरसभेने तो एका ठरावीक कामासाठी बांधून मागितला तर दोन तृतीयांश मते लागतात, असेही त्याने कळवले. मी ते बाबांना वाचून दाखवले. त्यांनी चष्मा मागितला आणि इंग्रजी येत नसताना ती पत्रिका बराच वेळ पाहिली.

"इचारतात?" ते म्हणाले.

आपल्याकडे असे काही नाहीच, असेही नाही. दारूचे दुकान बंद करायला गावातल्या बाया मतदान मागतात, उभी बाटली की आडवी बाटली. माझ्या बहिणीने हे सांगितले आणि पुढे म्हणाली, "मग दादा, आपणही घेऊ या मत!" भाऊबीजेचे ओवाळणे झाले होते, पोटे भरलेली होती, अशा वेळी माणसे कशालाही तयार होतात.

मी मतपत्रिका लिहिली: गोंदियातल्या खरेदीवर शंभर रुपयांमागे एक रुपया जादा घ्यावा, तो फक्त नाल्या आणि रस्त्यांवर खर्च व्हावा. हो की नाही? चौदा वर्षांची भाची निवडणूक अधिकारी. मतदार सहा.

प्रचार चांगला तासभर रंगला. आमचे भाटवे किराणा दुकानदार. ते म्हणाले, "रुपया वाढला की गिऱ्हाईक तिरोड्याला जाईल, आमगावला जाईल. नाली स्वच्छ होईल, पण तिच्या काठी दुकान राहणार नाही." यावर माझी पत्नी म्हणाली की एक रुपया वाचवायला वीस रुपयांचे पेट्रोल कोण जाळील? आईचा मुद्दा मला सगळ्यांत जड वाटला. "गिरणीचा मालक साबणावर एक रुपया देणार अन् भांडेवालीही तेवढाच देणार. त्याले का वाटंल? तिचा तर चहा जाईल." मी शिक्षक, मी आमच्या गल्लीतल्या पावसाळ्याची आठवण दिली, जेव्हा मुले वहाणा हातात धरून शाळेत येतात. बाबा काहीच बोलले नाहीत.

चिठ्ठ्या पितळी डब्यात पडल्या. काम नाल्या-रस्त्यांना बांधलेले, म्हणून कॅलिफोर्नियाचाच कायदा लावून दोन तृतीयांश हवेत, असे भाचीने आधीच बजावले होते. ती एकेक चिठ्ठी उघडू लागली. हो. नाही. हो. नाही. हो. मतदान गुप्त खरे, पण वीस वर्षे वह्या तपासणाऱ्याला अक्षर लपत नाही. सहावी चिठ्ठी बाबांची होती आणि ती हो म्हणाली तर सहापैकी चार होऊन ठराव पास होत होता.

भाचीने ती उघडली आणि थबकली. मग मला दाखवली. बाबांच्या मोठ्या, वळणदार अक्षरात लिहिले होते: 'हो. पन दर दिवाळीले हिसोब दाखवा.'

"मामा, ही बाद," भाची म्हणाली. "फक्त हो किंवा नाही लिहायचं होतं. जास्तीचं लिहिलं की मत बाद."

मी नियमाचा माणूस. मान डोलावली. पाचांत तीन, ठराव पडला. भाटव्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाबा उठून बसले. "बाद काहून? पैसा देतो म्हनलं ना मी?"

"देतो म्हणालात, आबा," भाची समजावू लागली, "पण अट घालता येत नाही."

"मग इचारलं कायले?" बाबा म्हणाले, आणि तो डबा स्वतःकडे ओढून त्यांनी आपली चिठ्ठी बाहेर काढली, घडी घातली आणि कोपरीच्या खिशात ठेवली.