पोफळ एकटी उभी राहत नाही

माणगावला आगगाडीतून उतरलो, म्हसळ्याकडची एस.टी. पकडली आणि दिवस कलताना बोर्ली पंचतनावरून दिवेआगरला पोहोचलो. मोटारीने आलो असतो तर अंग इतके आंबले नसते. पण मोटार मी विकून टाकली आहे. हवेत आपला धूर सोडायचा नाही, हे माझे व्रत. आणि व्रत घेतले की ते चारचौघांना सांगितल्यावाचून माणसाला राहवत नाही!

उतरलो त्या घरामागेच पोफळीची वाडी होती. श्रीवर्धनची रोठा सुपारी पिकते ती याच भागात. यजमानांना सारी आळी काका म्हणते. सकाळी त्यांच्यामागून वाडीत शिरलो आणि थबकलो. पूर्वी इथे भर दुपारीही गारवा असे. आता वर पाहावे तर नुसते आभाळ!

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ या किनाऱ्यावर चढले. ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा. माड मोडले, पोफळी आडव्या झाल्या.

“पडली ती गेली,” काका म्हणाले, “पण उरली तीही सुखानं उरली नाहीत.”

पोफळीचे खोड सडपातळ; ते वाढते शेजारणींच्या सावलीत. आडोसा गेला की पश्चिमेचे ऊन थेट खोडावर येते. खोड करपते, तडकते आणि पुढे साध्या वाऱ्यानेही मोडते. नवे रोप लावावे तर सुपारी धरायला पाच-सात वर्षे.

मी हळूच माझे व्रत सांगितले. काकांनी शांतपणे ऐकून घेतले.

“उत्तम केलंत. पण तुम्ही मोटार विकलीत म्हणून पुढचं वादळ थांबेल का हो?”

काय सांगणार? १९५८ साली हवाई बेटावरच्या मौना लोआ येथे हवेतला कर्बवायू नियमित मोजू लागले, तेव्हा तो दहा लक्ष भागांत सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२०च्या वर आहे. अरबी समुद्र तापतो आहे आणि तापलेले पाणी वादळांना बळ देते. या जमाखर्चात माझी मोटार दिसणारही नाही. वीज कशावर करायची, कारखाने कशावर चालवायचे, हे काही माझ्या अंगणात ठरत नाही.

“नाही थांबणार,” मी म्हणालो.

काका हसले. नव्या रोपांना सावली म्हणून त्यांनी केळी लावल्या होत्या. “पोफळ एकटी लावून भागत नाही,” एवढेच बोलून ते पाटाचे पाणी वळवू लागले.

परतताना बसच्या खिडकीशी बसून विचार करीत होतो. १९४८ साली पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एस.टी. सुटली. कोणी रस्ते केले, कोणी गाड्या सोडल्या, म्हणून तर मला मोटार विकता आली! ज्याच्या गावी दिवसाकाठी गाडीच येत नाही, त्याने काय विकावे? माझे व्रत खोटे नव्हते. ते माझे एकट्याचे आहे, हा समज मात्र खोटा होता.

म्हसळ्याच्या स्थानकावर दोन तरुण संध्याकाळची एक गाडी वाढवावी म्हणून अर्जावर सह्या गोळा करीत होते. मी पडलो परगावचा. तरी पेन मागून घेतले आणि त्यांच्या सह्यांखाली माझीही सही केली.